परळीच्या विजेवर किती वामन चालतील?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मागाहून उलगडा झाला की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. ज, वि, ना ही आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावली की ना, वि, ज होतात. खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव तेव्हाच मोठे झाले होते. ते पाहून परीक्षक दबून जाऊ नयेत म्हणून ही युक्ती. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांच्या हातची होती, आणि त्या स्वतः गणितज्ञ होत्या.

आद्याक्षरे उलटवणाऱ्या या लेखकाने पुढे एका कथेत अख्खा माणूसच उलटवला. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही ती कथा. डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते, उजव्या हाताचा गोलंदाज डावखुरा होऊन इंग्लंडच्या फलंदाजांची भंबेरी उडवतो, आणि या सगळ्यामागे जादू नसून भूमिती असते. ‘वामन परत न आला’ ही त्यांची कादंबरी यंत्रमानवाची. जमिनीत पुरलेली एक पेटी सापडते, तीत एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीने ठेवलेली माहिती असते आणि तिच्या आधाराने वामन नावाचे बुद्धिमान यंत्र उभे राहते. अशा यंत्राने आपल्यासारखीच आणखी यंत्रे घडवायची ठरवली तर काय, हा प्रश्न त्या कादंबरीच्या पोटात आहे.

या दोन गोष्टी आतून कशा चालतात ते इथे उघडून पाहायचे आहे. लागणारे सामान परळीत मोंढ्याकडच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल: वहीचे पारदर्शक प्लॅस्टिकचे कव्हर, चिकटपट्टी, मार्कर, एक जुने वर्तमानपत्र. दुसऱ्या गोष्टीसाठी औष्णिक वीज केंद्राचे आकडे लागतील, तेही परळीचेच.

आधी एक नियम सांगून टाकतो. तो माझा आहे, पण चांगल्या विज्ञानकथा त्याच्यावर तपासून पाहाव्यात. कथेत खोटे एकच असावे. ते एकदा मान्य केले की पुढचा सगळा हिशेब खरा निघाला पाहिजे. दोन-तीन खोटी लागली तर ती परीकथा झाली, आणि एकही नसेल तर पाठ्यपुस्तक.

मराठी मुलखात ही रीत नवी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याशी ज्यांचे घराणे जोडलेले आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त घातलेले एक उदाहरण घ्या. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे. बिळापासून सत्तावीस हातांवर मोराला साप दिसतो. साप बिळाकडे निघतो आणि मोर तिरपी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा. मोर सापाला बिळापासून किती हातांवर गाठेल? मोर आणि साप अगदी सारख्या वेगाने, सरळ रेषेत जातात, हे कथेतले खोटे. ते एकदा गिळले की बाकी पायथागोरसचा काटकोन त्रिकोण. उत्तर बारा हात. पडताळून पाहा: साप सत्तावीसमधले पंधरा हात चालला, आणि नऊ व बारा बाजू असलेल्या त्रिकोणाचा कर्णही पंधराच. मोराने पुढच्या क्षणी सापाचे काय केले, याच्याशी भास्कराचार्यांना कर्तव्य नाही.

आता गणपती. वर्तमानपत्राची दोन बोटे रुंद आणि हातभर लांब पट्टी कापा. तिची दोन टोके सरळ जोडली तर साधे कडे होते. त्याला आतली बाजू वेगळी आणि बाहेरची वेगळी. आतली मुंगी कड ओलांडल्याशिवाय बाहेर येऊ शकत नाही. हीच पट्टी पुन्हा घ्या, पण चिकटवण्याआधी एका टोकाला अर्धा पीळ द्या, म्हणजे त्या टोकाची खालची बाजू वर येईल, आणि मग जोडा. हे झाले मोबियसचे कडे. १८५८ मध्ये मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांना ते स्वतंत्रपणे सुचले. पट्टीच्या मधोमध पेन्सिल टेकवून, न उचलता रेघ ओढत जा. एक फेरी पूर्ण होते तेव्हा पेन्सिल सुरुवातीच्या बिंदूच्या बरोबर पाठीमागे असते. अजून एक फेरी मारली की ती मूळ जागी येते. कड कुठेही ओलांडली नाही, तरी रेघ दोन्ही बाजूंना उमटली, कारण या कड्याला बाजू एकच आहे. या रेघेवरून कात्री चालवली तर दोन कडी सुटत नाहीत, दुप्पट लांबीचे एकच कडे हाती येते. पोरांना हे दाखवून मग गप्प बसावे. पुढचे प्रश्न ती आपणहून विचारतात.

कथेसाठी मात्र कागद पुरत नाही, कारण कागद अपारदर्शक आहे. वहीच्या पारदर्शक कव्हराची पट्टी घेऊन तसेच पीळ दिलेले कडे करा. त्यावर मार्करने डाव्या सोंडेचा छोटा गणपती काढा. त्याचे मस्तक पट्टीच्या लांबीच्या दिशेने यायला हवे, कडेच्या दिशेने नव्हे. नाहीतर शेवटी तो डोके खाली करून परत येईल आणि तुमचा गोंधळ उडेल. त्याच प्लॅस्टिकच्या छोट्या तुकड्यावर हुबेहूब तसाच दुसरा गणपती काढा. हा तुकडा पहिल्या चित्रावर ठेवा आणि पट्टीला टेकलेलाच राहील असा पुढे सरकवत न्या. उचलायचा नाही, उलटवायचा नाही. एक फेरी झाली की तो पुन्हा पहिल्या चित्रापाशी येतो, पट्टीच्या पलीकडच्या बाजूला. प्लॅस्टिकमधून आरपार पाहा. मस्तक तिकडेच आहे, पण सोंड उजवीकडे गेली आहे. आणखी एक फेरी मारा, सोंड पुन्हा डावीकडे.

काय घडले ते नीट समजून घ्यायला हवे. टेबलावर कागदी गणपती सपाट ठेवला आणि नुसता सरकवला किंवा गरगर फिरवला, तर डावी सोंड कधीच उजवी होणार नाही. त्यासाठी कागद टेबलावरून उचलून पालथा करावा लागतो. उचलणे म्हणजे टेबलाच्या लांबी-रुंदीखेरीज तिसऱ्या मितीत जाणे. टेबलाच्या पृष्ठभागातच राहणाऱ्या, उंची म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या चपट्या प्राण्याला हा चमत्कार वाटेल. पीळ दिलेल्या पट्टीवर तर उचलावेही लागत नाही. जगाचा आकारच असा की फेरी मारून आलेला उलटून येतो.

आता एक मिती वाढवा. पितळेची मूर्ती तीन मितींची आहे. ती कशीही फिरवली तरी तिची सोंड बदलत नाही, जशी डाव्या पायाची चप्पल कितीही फिरवली तरी उजव्या पायात बसत नाही. पण चौथी मिती उपलब्ध असेल तर मूर्ती तिच्यातून ‘पालथी’ करता येईल. हे नारळीकरांच्या कल्पनेतले नाही. मोबियसनेच १८२७ च्या पुस्तकात नोंदवून ठेवले होते की चार मितींचे अवकाश असते तर आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन घन आकृती एकमेकींवर जुळवता आल्या असत्या, आणि मग असे अवकाश कल्पनेत आणता येत नाही म्हणून विषय सोडून दिला होता. कथालेखकांनी तो उचलला. एच. जी. वेल्स यांच्या १८९६ च्या एका कथेत प्लॅटनर नावाचा शिक्षक चौथ्या मितीत भरकटून परत येतो आणि त्याचे हृदय उजवीकडे गेलेले असते. नारळीकरांनी गणपती आणि क्रिकेट निवडले. मला ही निवड जास्त आवडते, कारण डाव्या-उजव्याचा फरक मराठी घरात सोंडेइतका कुठेच जागता नसतो, आणि क्रिकेटमध्ये तर त्याच्यावर विकेट पडते.

कथेतले एकमेव खोटे कोणते, तर माणसाला पेलेल असा पीळ आपल्या अवकाशात कुठेतरी आहे. बाकी हिशेब खरा. गोलंदाजाचा हात बदलतो, चेंडूची फिरकी बदलते, भांग दुसऱ्या बाजूला जातो.

कथेपुरते एवढे पुरते. आपण हिशेब जरा पुढे नेऊ, कारण इथे मजा आहे. उलटलेला माणूस जेवायला बसला तर? १८४८ मध्ये लुई पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चिंचेला आंबटपणा देते तेच हे आम्ल. स्फटिक दोन प्रकारचे होते, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे. त्याने ते चिमट्याने एकेक करून वेगळे केले. तेव्हापासून माहीत आहे की रेणूंनाही डावे-उजवेपण असते. आपल्या शरीरातली प्रथिने डाव्या वळणाच्या अमिनो आम्लांची बनलेली आहेत आणि अन्नातल्या शर्करा उजव्या वळणाच्या. उलटलेल्या माणसाची पाचके उलटी. भाकरीतला स्टार्च त्याच्या पोटात जाईल, पण पाचक रस आणि स्टार्च यांचा मेळ बसणार नाही. पोटभर जेवून तो उपाशी मरेल.

हे तुमच्या स्वयंपाकघरात हुंगून पाहता येते. पुदिन्याच्या वासातला मुख्य घटक कार्व्होन. बाळंतशेपेच्या आणि शहाजिऱ्याच्या वासातही कार्व्होनच आहे, पण आरशातला. अणू तेच, तितकेच, जोडणीही तीच. फक्त वळण उलटे, आणि नाकाला वास संपूर्ण वेगळा येतो. तेव्हा कथेतल्या त्या क्रिकेटपटूला पुदिन्याची चटणी दिली असती तर तिला बाळंतशेपेचा वास आला असता. ही कल्पना आता गमतीपुरती राहिलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ३८ शास्त्रज्ञांनी इशारा दिला की प्रयोगशाळेत आरशातले जिवाणू तयार करण्याच्या वाटेवर पुढे जाऊ नये. आपली प्रतिकारशक्ती त्यांना ओळखणारच नाही, अशी भीती आहे.

दुसरी गोष्ट वामनाची. पुराणातला वामन तीन पावलांपुरती जमीन मागतो आणि दोन पावलांत सगळे व्यापतो. यंत्रवामनाचे भय तसेच आहे: तो एकटा फार काही करू शकत नाही, पण तो स्वतःसारखा दुसरा करू शकतो. यंत्राने स्वतःची नक्कल करावी म्हणजे तत्त्वतः काय लागेल, याचा विचार गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकात केला होता. कृती लिहिलेली एक पट्टी, ती वाचून वस्तू घडवणारा भाग, आणि ती पट्टीच उतरवून घेऊन नव्या यंत्राला देणारा भाग. तिसरा नसेल तर मूल होते, पण त्याला मूल होत नाही.

समजा एका वामनाला दुसरा घडवायला महिना लागतो. पहिल्या दिवशी एक, महिन्याने दोन, दोन महिन्यांनी चार. दहा महिन्यांनी १,०२४. वर्षाने ४,०९६, अजून परळीच्या एका पेठेतही गर्दी जाणवणार नाही. पण तेहतिसाव्या महिन्याअखेर आकडा होतो ८५८ कोटींच्या पुढे, आणि पृथ्वीवरची माणसे आहेत सुमारे ८२० कोटी. पावणेतीन वर्षांत माणसांपेक्षा वामन जास्त. दुपटीचे गणित हे असे असते. शेवटच्या दोन-तीन पावलांपर्यंत ते किरकोळ दिसते.

बऱ्याच कथा इथेच थांबतात आणि वाचकाला घाबरवून सोडतात. माझ्या नियमाप्रमाणे मात्र हिशेब पुढे न्यायला हवा. वामन काय खातो? वीज. प्रत्येक वामनाला एक किलोवॉट लागते असे धरू. हे फार नाही. घरातला गीझर याच्या दुप्पट ओढतो.

परळीचे औष्णिक वीज केंद्र, गावच्या भाषेत ‘थर्मल’, १९७१ मध्ये ३० मेगावॉटच्या छोट्या संचाने सुरू झाले. नंतर २१० मेगावॉटचे संच आले आणि जुने होऊन बंद झाले. आता जे संच महत्त्वाचे, ते क्रमांक सहा, सात आणि आठ, प्रत्येकी २५० मेगावॉटचे. तिन्ही मिळून ७५० मेगावॉट, म्हणजे साडेसात लाख किलोवॉट. म्हणजे साडेसात लाख वामन, आणि त्यांच्याशिवाय कोणालाही वीज नाही. एकोणिसाव्या महिन्याअखेर वामन होतात ५ लाख २४ हजार २८८. विसाव्या महिन्यात त्यांना साडेदहा लाख व्हायचे आहे, पण तेवढी वीज परळीत नाही. तेहतिसावा महिना राहिला बाजूला, परळीच्या जिवावर वामन विसाव्यातच अडकतो.

वीजही हवेतून येत नाही. एका युनिटला ढोबळमानाने पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा लागतो. तिन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला पाचशे टनांहून जास्त, म्हणजे मालगाडीच्या आठ-नऊ वाघिणी दर तासाला रिकाम्या. मराठवाड्यात कोळशाची खाण नाही. तो रेल्वेने लांबून येतो. आणि पाणी? डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय नियमाने जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घालून दिली. तेवढेच धरले तरी साडेसात लाख युनिटला तासाला सव्वीस लाख लिटर, दिवसाला सव्वासहा कोटी लिटर. हे पाणी गोदावरीवरच्या खडक्याच्या बंधाऱ्यातून यायचे. २०१३ च्या दुष्काळात खडक्यात पाणी उरले नाही आणि परळीचे सगळे संच बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तेच झाले. बलाढ्य यंत्राची महत्त्वाकांक्षा कुठे संपते ते शोधायला परळीकराला परग्रहावर जावे लागत नाही. खडक्याची पातळी पाहिली की झाले.

यावर कोणी म्हणेल, हा हिशेब धातूच्या वामनाचा. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे निव्वळ आज्ञावली, तिला हातपाय कुठे आहेत? बरोबर आहे, आणि तिची नक्कल महिन्यात नव्हे, मिनिटांत-तासांत होते. २०२० मधल्या जीपीटी-३ या प्रारूपात १७,५०० कोटी आकडे होते. प्रत्येक आकड्याला दोन बाइट धरले तर सगळे मिळून ३५० गिगाबाइट; दुकानात मिळणाऱ्या एका हार्ड डिस्कमध्ये दोन-तीन वामन सहज मावतील. पण डिस्कमधला वामन झोपलेला असतो. त्याला बोलते करायला प्रोसेसर हवेत. अशा कामासाठी आठ मोठ्या चिपा बसवलेला एक सर्व्हर पूर्ण जोरात सुमारे दहा किलोवॉट ओढतो, शिवाय त्याला थंड ठेवण्याची वीज वेगळी. ती बाजूला ठेवली तरी परळीच्या तिन्ही संचांवर असे ७५ हजार सर्व्हर चालतील. नक्कल फुकट, जागे ठेवणे महाग: धातूच्या आणि आज्ञावलीच्या वामनात फरक आहे तो एवढाच, आणि तो कथालेखकाने वापरण्याजोगा आहे. गोदामभर झोपलेले वामन आणि मोजकीच वीज, तर जागे कोणाला करायचे?

पण ते ३५० गिगाबाइट आकडे करतात तरी काय? पुढचा शब्द निवडतात. हेही हाताने करून पाहता येते. पुढची सहा वाक्ये घ्या. आज परळीत पाऊस आला. काल परळीत पाऊस पडला. आज परळीत वीज गेली. काल अंबाजोगाईत पाऊस पडला. आज अंबाजोगाईत वीज आली. काल परळीत यात्रा भरली. आता एक तक्ता करा: कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द किती वेळा आला. ‘आज’नंतर ‘परळीत’ दोनदा, ‘अंबाजोगाईत’ एकदा. ‘परळीत’नंतर ‘पाऊस’ दोनदा, ‘वीज’ एकदा, ‘यात्रा’ एकदा. ‘पाऊस’नंतर ‘पडला’ दोनदा, ‘आला’ एकदा. असेच बाकीचे.

तक्त्याला आता बोलायला सांगा. ‘आज’पासून सुरू करा आणि दर वेळी सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द निवडा. आज, परळीत, पाऊस, पडला. मूळ सहा वाक्ये पुन्हा वाचा. ‘आज परळीत पाऊस पडला’ हे वाक्य त्यांत नाही. ते कोणी लिहिलेच नव्हते, तरी तक्त्याच्या मते ‘आज’ने सुरू होणाऱ्यांत तेच सर्वांत संभाव्य: दोनतृतीयांश गुणिले अर्धा गुणिले दोनतृतीयांश, म्हणजे नऊपैकी दोन. आणि आज परळीत खरोखर पाऊस पडला का, हे तक्त्याला कसे कळावे? त्याला आकाश नाही. यंत्र बेधडक थाप मारते असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेले असते.

आणखी एक गोष्ट पाहा. तक्त्याला आपण व्याकरण शिकवले नाही. तरी तो ‘पाऊस आली’ किंवा ‘वीज पडला’ असे कधीच म्हणणार नाही, कारण ‘पाऊस’नंतर ‘आली’ एकदाही आलेले नाही. लिंगविचार मोजणीतून आपोआप आला. लोक इथे थक्क होतात, आणि व्हावेच. पण ‘वीज काल रात्री पुन्हा’ असे वाक्य दिले तर तक्ता फसतो. तो फक्त मागच्या एका शब्दाकडे, ‘पुन्हा’कडे पाहतो, क्रियापद ‘गेली’ हवे की ‘गेला’ हे ठरवणारा ‘वीज’ हा शब्द त्याच्या नजरेआड गेलेला असतो.

अशी मोजणी जुनी आहे. १९१३ मध्ये आंद्रेय मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधली वीस हजार अक्षरे हाताने मोजून स्वरानंतर व्यंजन किती वेळा येते ते काढले. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी पुस्तक कुठेही उघडून, एक शब्द उचलून, दुसरीकडे तोच शब्द सापडला की त्याच्या पुढचा शब्द घेऊन इंग्रजी वाक्ये जुळवली. वर सामानात सांगितलेले जुने वर्तमानपत्र यासाठीही चालेल. अर्धा तास द्या, मराठीत हसू येईल अशी वाक्ये निघतात. नजरेआड गेलेल्या शब्दाची अडचण सुटली ती २०१७ च्या एका शोधनिबंधाने. त्यातल्या रचनेला ट्रान्सफॉर्मर म्हणतात. पुढचा शब्द निवडताना मागच्या प्रत्येक शब्दाकडे वळून पाहायचे आणि कोणाला किती वजन द्यायचे हे मोजणीतूनच शिकायचे, हा तिचा गाभा. त्या निबंधाच्या आठ लेखकांपैकी निकी परमार पुण्याच्या पीआयसीटी महाविद्यालयातून शिकलेल्या. आपल्या तक्त्यात जिथे दहा-पंधरा आकडे आहेत, तिथे हजारो कोटी आकडे, आणि ते ‘वीज’ व ‘गेली’ यांच्यात दहा शब्दांचे अंतर असले तरी दुवा सुटू देत नाहीत.

नारळीकरांच्या वामनाची कृती एका लुप्त संस्कृतीच्या पेटीतून आली. आपल्या वामनाची कृती आपणच लिहिलेल्या मजकुरातून आली: वर्तमानपत्रे, पुस्तके, भांडणे, पाककृती. इथे मूळ कथेपेक्षा वेगळी एक शक्यता दिसते, आणि माझ्या मते ती जास्त भुताटकीची आहे. वामनाने स्वतःची नक्कल लोखंडातून न करता शब्दांतून केली तर?

तक्ताच पुन्हा घ्या. आता सर्वांत संभाव्य शब्द नको. चिठ्ठ्या टाकून, प्रत्येक शब्दाला त्याच्या प्रमाणात संधी देऊन सहा नवी वाक्ये काढा. मूळ सहा फेकून द्या आणि या सहांवरून नवा तक्ता करा. हा झाला दुसरा वामन, पहिल्याच्या बोलण्यातून जन्मलेला. आता ‘यात्रा’ या शब्दाचे काय होते ते बघा. मूळ सहांत तो एकदाच होता. एखाद्या नव्या वाक्यात तो येण्याची शक्यता: ‘परळीत’ येण्याची दोनतृतीयांश, त्यानंतर ‘यात्रा’ येण्याची एकचतुर्थांश, गुणाकार एकषष्ठांश. न येण्याची पाचषष्ठांश. सहाच्या सहा वाक्यांत न येण्याची म्हणजे पाचषष्ठांशाचा सहावा घात, सुमारे ०.३३. तीनातून एकदा, पहिल्याच नकलेत, महाशिवरात्रीची परळीची यात्रा तक्त्यातून नाहीशी होते.

पाऊस गेला तर परत येऊ शकतो असे वाटेल, पण तक्त्यात तसे नाही. ज्या शब्दाची मोजणी शून्य झाली तो त्यानंतरच्या कुठल्याही वामनाला सुचणार नाही. तिसऱ्या, चौथ्या नकलेत कदाचित ‘अंबाजोगाईत’ जाईल, मग ‘आला’ जाईल, आणि फेऱ्या वाढवत राहिलात तर शेवटी एकच वाक्य उरेल जे प्रत्येक वामन आत्मविश्वासाने म्हणतो. खऱ्या भाषाप्रारूपांवर हाच प्रयोग करून तसेच घडते असे दाखवणारा निबंध जुलै २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, दुर्मीळ ते आधी गळते, नेहमीचे ते उरते.

या कथेला चौथी मिती लागत नाही, पुरलेली पेटी लागत नाही, वीजही फारशी लागत नाही. सहा चिठ्ठ्या आणि एक पेन्सिल घेऊन बसलात तर संध्याकाळच्या भारनियमनातही करून पाहता येईल. चिठ्ठ्या काढताना दर पिढीचा तक्ता जपून ठेवा, म्हणजे कोणता शब्द कितव्या वामनाशी गळाला ते सांगता येईल. विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा धाडायची असेल तर तिचे कथानक त्या कागदांच्या क्रमातच आहे.